पान एक्केचाळीस

रविवार, ४ मे

प्रिय दादा,

बातमी पक्की आहे. या हंगामानंतर विंगेत प्रॉम्प्टर नसणार. नटांच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र बसवतील आणि साउंडवाला आपल्या खोलीत बसून त्यातून वाक्यं सांगेल. सेक्रेटरी परवाच्या बैठकीत हे बोलला तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं, कारण तो दर बैठकीत काहीतरी बोलतोच. पण काल आपल्या लाइटवाल्या काकांनी ऑफिसात यंत्रांचा खोका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. खोक्यावर चार कानांचं चित्र आहे म्हणाले. आमच्या मंडळातल्या एकाही नटाला ऐकून घ्यायची सवय नाही, चार कानांचं काय करणार कोण जाणे.

शेवटचा निर्णय हंगाम संपल्यावर. १४ जूनच्या समारोपाच्या प्रयोगात यंत्र नीट चाललं, तर माझी लाकडी खुर्ची सामानाच्या खोलीत जाईल. सव्वीस वर्षं मी तिच्यावर बसले आहे. हे तुलाच लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो माझ्या खांद्यावर हात ठेवेल, आणि ते मला सहन होणार नाही.

हंगामाचं उद्घाटन काल झालं. बागेतल्या गोल चौथऱ्यावर पेन्शनरांचा बँड. ट्रंपेटवाल्याच्या कवळीनं दुसऱ्याच चालीत साथ सोडली. मोठ्या ढोलाचा आणि बाकीच्यांचा काही जुना वाद असावा, कारण शेवटपर्यंत त्यांनी एकमेकांची गाठ पडू दिली नाही. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते आणि खुर्ची उघडता आली याचाच आनंद जास्त होता. बायका कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होत्या. त्या वारा घेण्याचा ताल बँडपेक्षा बरा होता.

तू दिसला नाहीस. बस चुकली की काय? तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर नेहमीप्रमाणे ‘समीक्षक’ असं कार्ड लावलं होतं. मध्यंतरानंतर एका बाईनं तिथं आपली पर्स ठेवली. पर्स शेवटपर्यंत तोंड मिटून बसली, तेव्हा तुझी फार आठवण आली नाही.

फोन केला की वहिनी उचलते आणि तू बागेत आहेस म्हणते. तुमच्या घराला बाग कधी आली?

तुझी,
कुजबुज

---

गुरुवार, ८ मे

प्रिय कुजबुज,

आलो होतो. मागे झाडाखाली उभा होतो. तिसऱ्या रांगेत बसणं मी सोडलं आहे. तिथं बसलं की लोक वळून वळून माझा चेहरा बघतात आणि टाळी वाजवायची की नाही ते त्यावरून ठरवतात. आपल्या गावाला संगीत आवडतं की नाही हे मला माहीत नाही, पण संगीत आवडणाऱ्यांमध्ये आपण दिसलो पाहिजे हे त्याला फार आवडतं. दर उन्हाळ्यात चारशे माणसं त्या बागेत जमतात आणि घरी जाऊन ‘वातावरण छान होतं’ एवढंच सांगतात. वातावरण बघायचं तर बागेत केव्हाही जाता येतं, त्यासाठी ट्रंपेटवाल्याला कशाला त्रास?

तुझ्या सेक्रेटरीबद्दल मी काय बोलू? पडद्याच्या कापडाचा व्यापारी. नाटकही तो मीटरवर मोजतो. यंत्र आणलं, म्हणजे एक माणूस कमी झाला, म्हणजे प्रगती झाली. उद्या एखादं यंत्र प्रेक्षकांच्या हातांना बांधून टाळ्याही वाजवून घेईल. त्या दिवशी मी त्याच्या बाजूनं लिहीन, कारण टाळ्या तरी योग्य जागी पडतील.

तू घाबरू नकोस. गेली अकरा वर्षं माझ्या प्रत्येक नाट्यपरीक्षणाचं शेवटचं वाक्य ठरलेलं आहे: ‘प्रॉम्प्टिंग शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.’ या गावात मी एवढी एकच स्तुती करतो आणि ती कुणाची आहे हे तुला माहीत आहे.

फोनचं म्हणशील तर ज्यांना वाक्य पुरं करता येत नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे. बाग म्हणजे गच्चीवरच्या चार कुंड्या. त्यातली एक रिकामी आहे.

मला लिहीत जा. बारीकसारीक सगळं, कोण कुठं चुकलं, कसं चुकलं, शेजारच्यानं काय तोंड केलं. मी बघतोच, पण विंगेतून वेगळं दिसतं. रविवारी पत्र टाकलंस की सोमवारी सकाळच्या टपालानं मिळतं, आणि माझा लेख सोमवारी संध्याकाळी जातो.

तुझा,
दादा

---

शुक्रवार, २३ मे

प्रिय दादा,

तुझे तिन्ही लेख वाचले. ‘वारा घेण्याचा ताल बँडपेक्षा बरा’ हे शब्दन् शब्द माझं. व्हायोलिनवाल्या तीन बहिणी ‘एकाच घरातून निघाल्या आणि तीन वेगळ्या स्टेशनांवर उतरल्या’ हेही माझंच, मी ते ११ तारखेच्या पत्रात लिहिलं होतं. आधी राग आला. मग म्हटलं, एकाच आईची पोरं, वाईट जीभ वाटून घेतली तर बिघडलं कुठं?

पण एक गोष्ट बिघडली आहे. सेक्रेटरीनं ऑफिसच्या फळ्यावर तुझ्या जुन्या परीक्षणांची कात्रणं लावली आहेत. प्रत्येकातलं एकच वाक्य कापलंय, शेवटचं. ‘प्रॉम्प्टिंग शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.’ अशी एकोणीस कात्रणं, आणि खाली लाल पेनानं लिहिलंय: ‘म्हणूनच यंत्र!’ दादा, तुझा विनोद आजवर फक्त आपल्या दोघांनाच कळत होता. बाकी सगळ्यांना ती तक्रार वाटत होती. मला वाटायचं हे तुला ठाऊक आहे.

असो. काल बागेतल्या स्टेजवर नाटकाची रंगीत तालीम झाली. तेच ‘तीन खोल्या आणि एक जिना’, दर तीन वर्षांनी कपाटातून निघणारं. घरमालकिणीच्या कामाला अर्थातच महाराणी. ती सेक्रेटरीची मेव्हणी आहे हा योगायोग यंदाही कायम आहे. पहिल्या अंकात तिनं जिन्यावरून उतरताना कठडा असा धरला, की कठड्यालाही भूमिका असल्यासारखं वाटलं. भाडेकरू झालेला बँकवाला प्रत्येक वाक्याआधी श्वास घेतो. तो श्वास मागपर्यंत ऐकू जातो, वाक्य जात नाही.

आणि मग पान एक्केचाळीस. पोलीस फोटो पुढे करतो, विचारतो, ‘याला ओळखता?’ फोटो तिच्या मुलाचा. ती गप्प राहते आणि मग म्हणते, ‘नाही.’ अख्खं नाटक त्या गप्प राहण्यावर उभं आहे. पण रंगमंचावर गप्प राहायचं म्हणजे महाराणीला कुणी आपला फोटो फाडतंय असं वाटतं. पोलिसाचं वाक्य संपायच्या आत ती ‘नाही’ म्हणून मोकळी होते. म्हणून मला विंगेतून म्हणावं लागतं, ‘थांबा.’ मग ती थांबते, पण माझ्याकडे बघत. विसरलेलं वाक्य सांगणारे प्रॉम्प्टर पुष्कळ असतील. शांतता सांगावी लागणारी मी एकटीच.

लाइटवाले काका तिथं अकरापर्यंत मोजून दिवा मंद करतात. काल तीनवर करावा लागला. म्हणाले, ‘बाई गं, हिच्यापायी माझा दिवा धावतो.’

आज संध्याकाळी बागेत गाण्याचा कार्यक्रम आहे आणि महाराणीनं त्यातही गायचं ठरवलंय. घशाचे डॉक्टर नको म्हणाले. सेक्रेटरी हो म्हणाला. उद्या पहिला प्रयोग. यंत्र अजून साउंडवाल्याला जमत नाही, त्यामुळे उद्या तरी मी खुर्चीवर आहे.

झाडाखाली उभा राहू नकोस, गुडघे धरतील. तिसऱ्या रांगेत बस.

तुझी,
कुजबुज

---

सोमवार, २६ मे

प्रिय कुजबुज,

आज टपालात तुझं पत्र नव्हतं. आळशीपणा आपल्या घरात तुझ्या वाट्याला आला नव्हता असा माझा समज होता.

प्रयोग पाहिला. नेहमीसारखाच. लेख आत्ताच पाठवला, उद्या वाचशील. नटांची नावं मी यंदाही लिहिलेली नाहीत. नाव घेण्याजोगं काही करतील तेव्हा घेईन. कात्रणांचं मनावर घेऊ नकोस. लाल पेन हातात आलं की कापडवाल्यालाही आपण मास्तर झालो असं वाटतं.

तुझं ‘थांबा’ छान ऐकू आलं.

दादा

---

मंगळवार, २७ मे

दादा,

तुझा लेख आज आमच्या चष्म्याच्या दुकानात मी काउंटरवर उभी असताना मालकांनी मोठ्यानं वाचून दाखवला. गिऱ्हाईक होतं, त्यानंही ऐकला. तुला आठवावं म्हणून उतरवते:

‘घरमालकिणीनं एक्केचाळिसाव्या पानावरची शांतता खाऊन टाकली आणि ढेकरही दिली नाही. विंगेतून आलेलं “थांबा” एवढंच काय ते त्या संध्याकाळी ऐकण्यासारखं होतं, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.’

आता शनिवारी काय झालं ते ऐक. शुक्रवारी गाऊन महाराणीचा आवाज बसला. नुसता बसला नाही, उठायलाच तयार नव्हता. डॉक्टरांनी दुपारी चार वाजता आठ दिवस बोलायला बंदी केली. तिकिटं गेलेली. सेक्रेटरी ऑफिसात येरझाऱ्या घालत होता. अख्खं नाटक पाठ असलेलं माणूस मंडळात एकच होतं आणि ते खुर्चीवर बसून पेन्सिलीला टोक काढत होतं.

घरमालकीण मी होते, दादा. महाराणीचा झगा मागून टाचण्या लावून घट्ट केला होता. सेक्रेटरीनं पडद्याबाहेर येऊन बदल जाहीर केला, पण माइकमधून नुसती खरखर आली, आणि कार्यक्रमपत्रिकेवर नाव महाराणीचंच होतं. चारशेतल्या साडेतीनशेंना शेवटपर्यंत कळलं नाही की ती आज इतकी बारीक कशी दिसतेय.

विंगेतली खुर्ची रिकामी होती. पोलिसानं फोटो पुढे केला. मला भीती होती की मी लगेच ‘नाही’ म्हणेन. म्हटलं नाही. मी फोटोकडे बघत राहिले. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू येत होती. पाचव्या रांगेत कुणाच्या तरी पायातून चप्पल सुटून पडली, ती ऐकू आली. काकांचा दिवा मंद होताना दिसला तेव्हा कळलं, अकरा झाले. मग मी ‘नाही’ म्हटलं. रविवारी मी दिवसभर पलंगावर पडून छताकडे बघत होते, म्हणून पत्र लिहिलं नाही. सोमवारी तू समोरून काय पाहिलंस ते तुझ्याकडूनच वाचायचं ठरवलं होतं.

आज संध्याकाळी बैठक झाली. सेक्रेटरीनं लेख वाचला आणि म्हणाला, ‘समीक्षकच म्हणतात घरमालकीण पडली. तेव्हा १४ जूनला महाराणी, आणि तिच्या कानात यंत्र. विंगेतून आवाज येतो हेही पुन्हा छापून आलंय.’ मी म्हटलं, ‘विंगेत कुणी नव्हतं. मी स्टेजवर होते.’ तो म्हणाला, ‘मग समीक्षकांना काय भास झाला?’ आणि दादा, बँकवाला, माझ्यासमोर दोन हात अंतरावर उभा होता तो बँकवाला म्हणाला, ‘नाही म्हणजे, आवाज आल्यासारखा वाटला खरा.’ पोलिसालाही मग आठवलं. शनिवारी स्वतःच्या कानांनी ऐकलेली शांतता मंगळवारी पेपर वाचून त्यांनी मोडीत काढली.

मी आणखी एक वाक्य बोलले असते तर तुझा स्तंभ तिथंच संपला असता. काका बोलायला उठले, मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला.

एक तर तू तिथं नव्हतास. किंवा होतास, आणि सख्ख्या बहिणीला ओळखलं नाहीस. या दोन्हींतलं कुठलं बरं, हे मला अजून ठरवता येत नाही. तू सांग.

---

शुक्रवार, ३० मे

प्रिय नणंदबाई,

तुझं पत्र त्यानं वाचलं आणि टेबलावर उघडंच ठेवून गच्चीवर गेला. त्याच्या भाषेत ‘तू वाच’ याचा अर्थ असा असतो. म्हणून मी लिहिते आहे, आणि हे पत्र मी त्याला दाखवणार नाही.

तो तिथं नव्हता. ३ मेलाही नव्हता, १० लाही नव्हता. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटच्या दोन कार्यक्रमांनाही नव्हता. त्याला ऐकू येत नाही. डावा कान पार गेलाय, उजव्यानं समोरासमोर बोललेलं तेवढं कळतं. गेल्या वर्षी त्या बागेतल्या मैफलीतून तो मध्येच उठला आणि मला म्हणाला, ‘आज फार हळू वाजवत होते.’ मी त्याच्या शेजारीच बसले होते. कानठळ्या बसत होत्या.

डॉक्टरांकडे नेलं. यंत्र आणलं. ते कपाटात मोज्यांखाली आहे. ते लावून बागेत गेलो तर कापडवाला हसेल म्हणतो. अगं, कापडवाला ह्याच्याकडे बघतो तरी का? पण ह्याला वाटतं, सगळं गाव ह्याच्या कानांवर चालतं. जन्मभर ह्यानं लोकांना बहिरं म्हटलं, आता स्वतःवर आलं तर तो शब्द उच्चारवत नाही. गच्चीवर कुंड्यांना पाणी घालतो आणि फोन वाजला की मी ‘बागेत आहे’ म्हणते. मलाही या नाटकात काम दिलंय, आणि मला प्रॉम्प्टर नाही.

तुझ्या पत्रांवर तो लेख लिहायचा. सोमवारी टपालवाल्याची वाट दारात उभा राहून बघायचा. मला वाटलं, तुला सांगितलं असेल.

तुझ्या जागी मी असते तर बैठकीत बोलले असते. काकांच्या पायावर पाय दिलास ते चुकलं. तुमचं घराणं फार शहाणं आहे म्हणून एकमेकांना काही सांगत नाही.

तुझी,
वहिनी

---

रविवार, १ जून

कुजबुज,

तू विचारलंस, कुठलं बरं. पहिलं. मी तिथं नव्हतो. दुसरं कधीही झालं नसतं. तुला मी चारशे माणसांत पाठीवरूनसुद्धा ओळखेन, महाराणीच्या झग्यात टाचण्या लावलेल्या असल्या तरी.

कारण तुझ्या वहिनीनं तुला कळवलं असणार. ती टपालपेटीत पत्र टाकायला गेली तेव्हा मी गच्चीवरून बघत होतो. तिच्या पत्रात मी मूर्ख ठरलो असेन, तेवढं खरं आहे. दयनीय ठरलो असेन तर तेवढं खोड.

मला सवय काय होती सांगू? प्रयोग सुरू व्हायच्या आधीच अर्धा लेख डोक्यात तयार असायचा. तीस वर्षांत त्या माणसांनी एकदाही मला तो बदलायला लावलं नाही. बँकवाला श्वास घेणारच, महाराणी कठडा धरणारच. मग ऐकू यायचं कमी झालं तेव्हा मला वाटलं, काय बिघडतं? मी त्यांना न ऐकताही ऐकू शकतो. तू लिहायचीस, मी चाल लावायचो. त्यांची मला कीव यायची, आणि ती करण्यात मी इतका रमलो की या गावात कुणी काही बरं करेल ही शक्यताच मी लेखातून काढून टाकली. ती नेमकी तू निघालीस.

मंगळवारच्या अंकात खालचा मजकूर येईल. संपादकांना मी स्वतः जाऊन दिला. यंत्र लावून गेलो. त्यांच्या खुर्चीची करकर ऐकू आली, आणि मागच्या खोलीत कुणीतरी माझ्याबद्दल बोलत होतं तेही.

‘गेल्या अंकात “तीन खोल्या आणि एक जिना” या नाटकाचं परीक्षण छापलं गेलं. तो प्रयोग मी पाहिला नव्हता. या हंगामातले आधीचे कार्यक्रमही पाहिले नव्हते. घरमालकिणीच्या कामाबद्दल आणि विंगेतून आलेल्या आवाजाबद्दल मी लिहिलेलं सगळं खोटं आहे. त्या संध्याकाळी विंगेत कुणीही नव्हतं. ज्यांनी प्रयोग स्वतः पाहिला आणि तरीही माझा लेख वाचून आपलं मत बदललं, त्यांची माफी मागायची मला गरज वाटत नाही. घरमालकिणीची मागतो.’

शेवटून दुसरं वाक्य काढा असं संपादक म्हणाले. मी म्हटलं, ते राहील, नाहीतर पूर्ण मजकूर परत द्या. ठेवलं. मग म्हणाले, ‘तुमचा एकच लेख आता छापू, समारोपाचा. तो तरी बघून लिहा.’

खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्या माणसाचं हे पहिलं ठीक वाक्य.

अकरा सेकंद, खरंच?

दादा

---

मंगळवार, १० जून

प्रिय दादा,

उशीर झाला, कारण नक्की काय ठरतंय ते कळेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज कळलं. काकांनी दुकानात येऊन सांगितलं आणि मागोमाग सेक्रेटरीची चिठ्ठी आली. १४ तारखेला घरमालकीण मी आहे.

तुझ्या मजकुरानं काय केलं असं तुला वाटेल, तर पूर्ण गाव एका दिवसात तुझ्यावर उलटलं आणि त्याच दिवशी माझ्या बाजूचं झालं. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला म्हणतं, ‘आम्ही तेव्हाच म्हटलं होतं, काय ती शांतता!’ बँकवाला तर म्हणाला की त्याला त्या वेळी अंगावर काटा आला होता. मी त्याला विचारलं, आवाज आला तेव्हा की नंतर? तो श्वास घेऊन गप्प बसला. त्याचं एवढं चांगलं काम मी पहिल्यांदाच पाहिलं.

तरीही सेक्रेटरीनं हार मानली नव्हती. परवा तालमीत महाराणीच्या कानात यंत्र घालून बघितलं. साउंडवाला खोलीत, हातात माझी पेन्सिलीच्या खुणांची वही. एक्केचाळिसाव्या पानावर पोलिसानं विचारलं, ‘याला ओळखता?’ वहीत मी ठळक लिहिलंय ते साउंडवाल्यानं वाचलं: ‘थांबा.’ आणि महाराणी पोलिसाच्या डोळ्यांत बघून खणखणीत म्हणाली, ‘थांबा!’ पोलीस थांबला. पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या कानात जे पडतं ते तोंडातून जातं, मध्ये कुठं मुक्काम नाही. तिनं यंत्र काढून सेक्रेटरीच्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘भावजी, कानात परका पुरुष बोलतो, मला नाही जमायचं.’

मी यंत्र लावणार नाही आणि विंगेत कुणी नसेल. विसरले तर विसरले. खुर्ची राहते की जाते ते सोमवारच्या बैठकीत ठरेल. सेक्रेटरी म्हणतो, तो प्रश्न वेगळा. त्याचं म्हणणं, प्रॉम्प्टरशिवाय दोन प्रयोग नीट झाले तर प्रॉम्प्टर हवाच कशाला? एवढं साधं गणित त्यानं कुणाचीही मदत न घेता केलं, तेव्हा शनिवारी मी चांगलं काम केलं की खुर्ची गेली, आणि वाईट केलं की राहिली. मी चांगलं करणार आहे.

तुझ्यावर मी रागावलेच आहे, ते लवकर जाणार नाही. सव्वीस वर्षं तू मला फक्त ऐकलंस, तेही शेवटचं वर्ष न ऐकता. मीही काही कमी नाही. दिसत नसताना दिसतंय म्हणणारी माणसं मी रोज काउंटरवर पकडते. तू घरातला, आणि कुंड्यांवर समाधान मानून गप्प बसले.

शनिवारी वहिनीबरोबर तीनच्या बसनं निघ. राहायला माझ्याकडे. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर कार्ड मी स्वतः लावणार आहे आणि पर्सवाल्या बाईला आधीच ताकीद दिली आहे. यंत्र लावून ये. कापडवाला हसला तर हसू दे, त्याला नाटकात योग्य जागी हसता आलं नाही, इथं तरी जमेल.

सातला पडदा. बँकवाल्याचा श्वास तुला बहुतेक ऐकू येईल, त्याबद्दल आधीच क्षमा. पान एक्केचाळीस साधारण आठ वाजून दहा मिनिटांनी येईल. पोलीस फोटो पुढे करेल आणि मी अकरा सेकंद काहीही बोलणार नाही. त्या अकरा सेकंदांत बागेतल्या चारशे माणसांना जेवढं ऐकू येतं, तेवढंच तुला येईल. मी फोटोवरून नजर उचलणार नाही, त्यामुळे तू आलास की नाही हे मला तेव्हा कळणार नाही.

ते मंगळवारी पेपरात वाचेन. वाईट झालं तर वाईट लिही. पण नाव घाल.

तुझी,
कुजबुज